जुन्या गाडीचं ऑइल गळतंय? आधी ब्रीदर, मग गॅस्केट

टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या आवरणाच्या, कडेनं ऑइल पाझरायला लागलं की बहुतेक जण नवं गॅस्केट (सांधा बंद करणारी पट्टी) आणतात, जुनं खरवडून काढतात, नवं बसवतात आणि बोल्ट करकचून आवळतात. दोन-तीन आठवडे सगळं कोरडं राहतं. मग पुन्हा तीच ओल आणि तोच जळक्या ऑइलचा वास. आता दोष गॅस्केटवर जातो, पुढच्या खेपेला सिलिकॉनचा जाड थर चढतो आणि त्यानंतर गळती क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, सीलमधून सुरू होते. ऑइलला बाहेर ढकलणारा दाब आत तसाच ठेवून नुसती फट बुजवली, तर तो दाब दुसरी फट शोधणारच. काम तेच, फक्त क्रम चुकलेला असतो. आधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर जायची वाट, मोकळा करायचा, दाब उतरल्याची खात्री करायची, आणि मगच गॅस्केटला हात लावायचा.

पुढे जे सांगतोय ते मुख्यतः जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे, कार्ब्युरेटरच्या आणि सुरुवातीच्या इंजेक्शनच्या. डिझेल आणि टर्बोसाठी जिथे वेगळं वागायचं तिथे तसं सांगितलंय. हेड गॅस्केट यात नाही. त्यासाठी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, उतरवावं लागतं आणि ते काम पूर्ण वेगळं आहे.

## दाब येतो कुठून

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी पेटलेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतोच. गॅरेजच्या भाषेत हेच बॅक कॉम्प्रेशन. या वायूबरोबर पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल आणि काजळी असते. त्याला बाहेर पडायला वाट हवी. फार जुन्या इंजिनांत ही वाट म्हणजे खाली उघडं सोडलेलं एक नळकांडं. त्यानंतरच्या गाड्यांत बंद रचना असते: एअर फिल्टरकडून एक पाइप स्वच्छ हवा टॅपेट कव्हरमध्ये आणतो, आणि दुसऱ्या बाजूनं पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसमधला वायू सोडणारा व्हॉल्व्ह) आतला वायू इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांत, ओढला जाऊन जळून जातो.

त्या व्हॉल्व्हच्या आत एक दट्ट्या आणि एक स्प्रिंग, एवढंच. आयडलिंगला मॅनिफोल्डची ओढ जोरात असते, दट्ट्या पुढे खेचला जातो आणि वाट अरुंद होते. गाडीवर लोड आला की ओढ कमी होते, स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलतो आणि वाट रुंदावते. मॅनिफोल्डमध्ये उलटा भडका उडाला तर दट्ट्या वाट पूर्ण बंद करतो, म्हणजे ज्वाळा क्रँककेसपर्यंत पोचत नाही. पूर्ण रेस दिल्यावर ओढ जवळपास संपते, तेव्हा जास्तीचा वायू स्वच्छ हवेच्या पाइपमधून उलटा फिल्टरकडे जातो. म्हणून फिल्टरच्या डब्यात तेलाचा हलकासा ओलावा दिसला तर घाबरायचं कारण नाही. फिल्टर तेलानं भिजलेला निघाला तर मात्र गाडी काहीतरी सांगते आहे.

## तयारी

निम्मी कामं इथेच बिघडतात, कारण इंजिन उघडल्यावर लोक सामान आणायला धावतात.

सगळ्यात आधी त्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. त्यातून तीन गोष्टी कागदावर उतरवा: कव्हरच्या बोल्टचा टॉर्क (किती जोरानं आवळायचा तो आकडा), आवळण्याचा क्रम, आणि सीलंट (सांधा बुजवायचा लेप) कुठे लावायचा ती ठिकाणं. गॅस्केट मागताना नुसतं गाडीचं मॉडेल सांगू नका, इंजिन नंबर द्या. एकाच मॉडेलमध्ये इंजिनं बदललेली असतात, आणि चार मिलिमीटरनं चुकलेलं गॅस्केट नेमकं कव्हर उघडल्यावरच लक्षात येतं.

गॅस्केटबरोबर हेही आणून ठेवा: प्लगच्या नळ्यांची सीलं (तुमच्या इंजिनात प्लग कव्हरच्या मधून जात असतील तर), बोल्टखालचे रबरी वॉशर, हेडच्या टोकाला बसणारे अर्धगोल रबरी बूच, पीसीव्ही व्हॉल्व्ह, तो ज्यात बसतो ते रबरी ग्रोमेट, आणि ब्रीदरचे सगळे पाइप. पाइप तेल आणि पेट्रोल सोसणारेच हवेत. पाण्याचा साधा रबरी पाइप तेलाच्या वाफेनं फुगतो, मऊ पडतो, आणि ओढीच्या बाजूला लावला असेल तर चपटा होऊन वाट बंद करतो. बाहेरून तो धडधाकट दिसत असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

हत्यारांमध्ये छोट्या मापाचा टॉर्क रेंच हवाच. चाकाचे नट आवळायचा मोठा रेंच ८-१० न्यूटन-मीटरवर विश्वासानं चालत नाही. शिवाय प्लॅस्टिकची खरवडणी, धागे न सुटणारं फडकं, ब्रेक क्लीनर, रॉकेल, नायलॉनचे बारीक ब्रश, हातातली बॅटरी (टॉर्च) आणि छोटा आरसा. प्रत्येक पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, दोन बाजूंनी.

सावधान: फार जुन्या गाड्यांच्या काही गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असतं. करड्या, तंतुमय दिसणाऱ्या गॅस्केटवर कोरडा ब्रश किंवा पॉलिशपेपर चालवू नका, हवेचा झोतही मारू नका. ते ओलं करूनच काढा, मास्क लावा, आणि कचरा पिशवीत बांधून टाका.

## टप्पा १ : आधी धुवा, मग शोधा

कळकट इंजिनावर गळती शोधणं म्हणजे निव्वळ अंदाज. इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्यूटर, अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरचं तोंड प्लॅस्टिकनं झाका, डीग्रीझर लावून मऊ ब्रशनं घासा आणि बेताच्या धारेनं धुवा. जोराचा झोत मारू नका, तो पाणी सीलांच्या आत घुसवतो. वाळू द्या. मग २०-३० किलोमीटर चालवून आणा आणि बॅटरी घेऊन वरून खाली बघत या.

ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे ढकललं जातं. त्यामुळे थेंब जिथे लोंबतोय तिथे गळती असेलच असं नाही. ओलीची सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची कड शोधायची. कव्हरच्या मागच्या कडेतून निघालेलं ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या आवरणाखाली ठिबकतं. बघणाऱ्याला वाटतं, क्रँकचं मागचं सील गेलं. याच गैरसमजापायी गिअरबॉक्स उतरवून, नवं सील टाकून, सगळं परत जोडलेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी ठिबकणारी गाडी मी पाहिली आहे. तेवढा खर्च आणि मेहनत एका आरशानं वाचली असती. मागच्या कडेच्या वर आरसा धरायचा, बोट फिरवायचं, बोट ओलं आलं तर उत्तर वरच आहे.

अजून नक्की होत नसेल तर धुतलेल्या जागेवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि थोडी गाडी चालवा. ऑइलचा माग पावडरीवर स्पष्ट उमटतो.

तपासा: डिपस्टिकवर ऑइल कमाल खुणेच्या वर तर नाही ना? जास्त भरलेलं ऑइल क्रँकच्या फिरण्यानं घुसळलं जातं आणि ब्रीदरमधून, सीलांमधून बाहेर येतं. एकाच जागी ओल असेल तर संशय गॅस्केटवर. कव्हर, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), पुढचं सील असं तीन-चार ठिकाणी एकदम पाझरत असेल तर संशय दाबावर.

## टप्पा २ : आतला दाब मोजा

इंजिन गरम, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, आयडलिंग चालू. ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर जाडसर कागदाचा तुकडा ठेवा. बंद रचनेच्या निरोगी इंजिनात काही सेकंदांत कागद हलकेच तोंडाला चिकटतो. कागद उडाला किंवा थडथडत राहिला तर आत दाब साठतोय. इंजेक्शनच्या काही गाड्यांत झाकण काढल्याबरोबर आयडलिंग डगमगतं, कारण न मोजलेली हवा आत जाते. त्यात बिघाड नाही.

झाकणातून ऑइल उडत असेल, किंवा झाकणातच ब्रीदरची जाळी असेल, तर दुसरी पद्धत वापरा. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून अर्धी पाण्यानं भरा. दोन्ही भुजा निदान अर्धा मीटर उंच ठेवा, म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. डिपस्टिक काढून तिच्या नळीवर एक टोक घट्ट बसवा. आयडलिंगला पाणी इंजिनाच्या बाजूला किंचित चढलं किंवा जागच्या जागी राहिलं तर ठीक. उलट्या बाजूला काही सेंटिमीटर ढकललं गेलं तर वाट तुंबली आहे किंवा बॅक कॉम्प्रेशन जास्त आहे.

आता पीसीव्ही व्हॉल्व्ह ग्रोमेटमधून बाहेर काढा, पाइप त्याला लागलेलाच ठेवा. फुसफुस ऐकू आली पाहिजे. तोंडावर अंगठा ठेवला की ओढ जाणवली पाहिजे आणि आयडलिंग थोडं उतरलं पाहिजे. ओढच नसेल तर व्हॉल्व्ह, पाइप किंवा मॅनिफोल्डचं भोक यांपैकी काहीतरी बुजलंय. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह हलवा, आत दट्ट्या खुळखुळला पाहिजे. पण खुळखुळतो म्हणजे चांगलाच आहे असं समजू नका, स्प्रिंग मऊ पडली असली तरी तो खुळखुळतोच. वय माहीत नसेल तर बदलून टाका, आणि तोही त्याच इंजिनाचा आणा. दिसायला सारख्या दोन व्हॉल्व्हच्या आतल्या वाटा वेगळ्या असतात आणि चुकीचा लावला की आयडलिंग कधीच नीट बसत नाही.

उलटा बिघाडही होतो. काही इंजिनांत दट्ट्याऐवजी रबरी पडदा असतो. तो फाटला की ओढ बेसुमार वाढते. झाकण उचलताना जोर लागतो, कुठून तरी शीळ ऐकू येते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. अशा वेळी पडदा किंवा तो बसलेला अख्खा भाग बदलायचा.

टर्बो गाडीत याच वाटेवर एकेरी व्हॉल्व्ह असतो. तो बिघडला तर टर्बोचा दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि डिपस्टिक वर उसळते. काढून तोंडानं फुंकून बघा, हवा एकाच दिशेनं गेली पाहिजे. डिझेलला पेट्रोलसारखी मॅनिफोल्डची ओढ नसते, म्हणून अंगठ्याची चाचणी तिथे लागू नाही. मात्र डिझेलच्या ब्रीदरमधून बरंच ऑइल इनटेकमध्ये जात असेल तर काम पुढे ढकलू नका. ते ऑइलच इंधन होऊन इंजिन चावी काढल्यावरही बेफाम फिरू शकतं.

## टप्पा ३ : ब्रीदर मोकळा करा

एका वेळी एकच पाइप काढा आणि चिकटपट्टीवर नंबर घालून लगेच लावा. जुना पाइप सरळ ओढू नका, आधी पिळून चिकटण मोडा. तरी हलत नसेल आणि नवा जवळ असेल तर उभा चीर देऊन काढा. प्लॅस्टिकची नळी तुटण्यापेक्षा पाइप गेलेला बरा. वाळून कडक झालेलं ग्रोमेट निघताना तुकडे होतं आणि ते तुकडे हेडमध्ये पडतात. त्याच्याभोवती फडकं दाबून धरा, आकड्यानं बाहेरच्या दिशेला उचला, आणि निघालेले तुकडे जुळवून वर्तुळ पूर्ण होतंय का बघा.

मी माझ्या गाडीचा ब्रीदर पाइप पहिल्यांदा काढला तेव्हा बाहेरून त्याला काहीच झालेलं नव्हतं, दाबला की मऊ लागायचा. वळणाशी कापला तर आत डांबरासारखं काळं कीट बसलेलं, आणि मधोमध काडेपेटीतली काडी जेमतेम जाईल एवढं भोक. त्याआधी त्या इंजिनाचं टॅपेट गॅस्केट दोनदा बदलून झालं होतं. तेव्हापासून कुणाचीही गळती बघायला गेलो की मी पहिल्यांदा तो पाइप काढून उजेडाकडे धरतो.

धातूच्या नळ्या, झाकणाची जाळी, ज्वाळा अडवणारी जाळी हे सगळं रात्रभर रॉकेलमध्ये भिजत ठेवा आणि सकाळी नायलॉनच्या ब्रशनं साफ करा. जाळी जाळून साफ करायची सवय बऱ्याच जणांना असते. तसं करू नका, बारीक तारा जळून तिचे तुकडे सुटतात. मॅनिफोल्डवरचं भोक हमखास विसरलं जातं. तिथे कार्बन दगडासारखा बसतो. योग्य मापाच्या ड्रिल बिटला ग्रीस लावून तो बोटांनीच फिरवा, मशीननं नाही, म्हणजे भुगा ग्रीसला चिकटून बाहेर येतो.

टॅपेट कव्हरच्या आत ब्रीदरच्या तोंडाशी एक पत्रा असतो. तो उडणारं ऑइल अडवतो आणि वायूला वाट देतो. रिबिटांनी बसवलेला असेल तर उघडता येत नाही. कव्हर काढाल तेव्हा त्या पोकळीत रॉकेल भरून हलवा आणि ओता. निघणारं रॉकेल स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहा, मग पूर्ण सुकवा.

सावधान: कार्ब क्लीनर रबरी पडद्यावर मारू नका, रबर फुगतं आणि फाटतं. सफाईसाठी पेट्रोल वापरू नका. रॉकेलचं काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर.

झाकणाखाली पांढरट, लोण्यासारखा साका दिसला की हेड गॅस्केट गेलं असं लगेच ठरवू नका. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, वाफ बाहेर पडत नाही आणि ऑइलमध्ये मिसळते. ब्रीदर तुंबला असेल तर हे आणखी वाढतं. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर साका पुसा, ब्रीदर साफ करा, एकदा लांब फेरी मारा आणि मग पुन्हा बघा.

परत जोडताना पाइपला मध्येच झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी साचतं आणि कडाक्याच्या थंडीत गोठून वाट बंद होते. व्हॉल्व्हची दिशा तपासा, वायू मॅनिफोल्डकडे गेला पाहिजे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पीसीव्हीमधून येणारी हवा आयडलिंगच्या मिश्रणाचाच भाग असते. तुंबलेल्या ब्रीदरवर कुणीतरी मिश्रण जुळवलेलं असेल, तर आता ते पुन्हा जुळवावं लागेल.

ब्रीदरचा पाइप काढून खाली मोकळा लोंबत सोडणं किंवा दोन्ही तोंडं बूच मारून बंद करणं, हे ‘उपाय’ फार दिसतात. मोकळा पाइप वाटेतली धूळ आत घेतो. बुचानं आपण स्वतःच दाब तयार करतो.

तपासा: टप्पा २ मधली कागदाची किंवा पाण्याची चाचणी पुन्हा करा. दाब उतरला असेल तर इथे थांबा आणि २००-३०० किलोमीटर गाडी चालवा. हलका पाझर पुष्कळदा इथेच थांबतो. हाच थांबा लोक टाळतात. ब्रीदर साफ असूनही दाब तसाच असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, गेजनं तपासा: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इग्निशन आणि पेट्रोल बंद, रेस पूर्ण दाबलेली. ज्या सिलिंडरचा आकडा कमी आला त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा गेल्या आहेत, आणि त्या इंजिनावर कुठलंही गॅस्केट फार टिकणार नाही.

## टप्पा ४ : टॅपेट कव्हर उतरवा

इंजिन पूर्ण थंड. कव्हरची कड आणि प्लगचे खड्डे आधी साफ करा, कारण कव्हर हललं की सगळी माती आत पडते. प्लगच्या वायरींना नंबर घाला. बोल्ट आवळण्याच्या उलट क्रमानं, थोडे थोडे, सगळे ढिले करा. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा, कारण लांब्या वेगळ्या असतात आणि लांब बोल्ट आखूड भोकात गेला की आटे जातात.

कव्हर चिकटलं असेल तर लाकडाचा ठोकळा बाजूला लावून हलके ठोके द्या, किंवा रबरी हातोडी वापरा. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा पुढे प्रत्येक नव्या गॅस्केटखालून ऑइल नेत राहतो.

उघड्या हेडमधल्या ऑइल उतरायच्या भोकांत फडक्याचे बोळे घाला. किती घातले ते मोजून लिहून ठेवा.

## टप्पा ५ : पृष्ठभाग

गॅस्केट टिकणार की नाही हे इथे ठरतं, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या खरवडणीनं काढा. हट्टी तुकड्यांवर गॅस्केट रिमूव्हर लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा. पॉलिशपेपर नको आणि ड्रिलवर लावायची खरखरीत चकती तर अजिबात नको. तिच्यातून सुटणारी कठीण पूड ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जाते आणि बेअरिंग खाते. कव्हरला खोबण असेल तर कोपऱ्यांत रुतलेलं जुनं सिलिकॉन लाकडी काडीनं उकरून काढा.

मग ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन दोन्ही पृष्ठभाग पुसा. पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत पुसत राहा. हेडवरून ऑइल सतत झिरपत येतं, म्हणून गॅस्केट ठेवायच्या अगदी आधी पुन्हा एकदा पुसायचं. पहिल्या वेळी पुसलं होतं एवढ्यावर भरवसा ठेवू नका.

पत्र्याचं कव्हर असेल तर कडेवर सरळ पट्टी ठेवा आणि मागून बॅटरी धरा. आजवर करकचून आवळलेल्या बोल्टांमुळे प्रत्येक भोकाभोवती पत्रा गॅस्केटच्या बाजूला खोलगट ओढला गेलेला असतो. अशा कव्हरखाली गॅस्केट भोकापाशी चिरडतं आणि दोन भोकांच्या मध्ये सैल राहतं, गळती नेमकी तिथेच होते. बोल्टचं डोकं जिथे बसतं ती बाजू सपाट लोखंडी ठोकळ्यावर टेकवा आणि गॅस्केटच्या बाजूनं आलेला फुगवटा हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसवा. पुन्हा पट्टी, पुन्हा उजेड. ओतीव ॲल्युमिनियमच्या कव्हरवर हे करू नका, ते तडकतं. प्लॅस्टिकचं कव्हर वाकलं असेल तर बदलण्याशिवाय मार्ग नाही.

बोल्टच्या आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकांतलं ऑइल फडक्याच्या पिळानं टिपून घ्या. भोकात द्रव राहिला तर बोल्ट तो दाबतो, ॲल्युमिनियम फुटू शकतं, आणि रेंच आवळल्याचा खोटा इशारा देतो. प्रत्येक बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघा. अडला तर आटे साफ करा, जोर लावू नका.

तपासा: बोळे काढले? लिहिलेला आकडा जुळला?

## टप्पा ६ : गॅस्केट बसवा

बुचाचं म्हणजे कॉर्कचं आणि रबराचं गॅस्केट यांची वागणूक वेगळी असते.

कॉर्क पडून पडून वाळतो आणि आक्रसतो. भोकं जुळत नसतील तर ताणू नका, तुटेल. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, लवचिक होऊन मापाला येतो. मग पुसून कोरडा करा. कव्हरच्या बाजूला गॅस्केटच्या चिकटद्रव्याचा पातळ हात द्या, गॅस्केट ठेवा, वर सपाट वजन ठेवून वाळू द्या. हेडची बाजू कोरडी ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी कव्हर अख्ख्या गॅस्केटसकट निघतं.

साच्यातलं रबरी गॅस्केट कोरडंच बसतं. त्याच्या पूर्ण कडेवर सिलिकॉन फिरवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ओलं सिलिकॉन निसरडं असतं. बोल्ट आवळले की गॅस्केट खोबणीतून बाहेर घसरतं आणि आधीपेक्षा जास्त गळायला लागतं. सीलंट फक्त मॅन्युअलनं सांगितलेल्या कोपऱ्यांत लावायचा: अर्धगोल बुचांच्या टोकांशी, कॅमच्या पहिल्या आणि शेवटच्या कॅपच्या काठाशी, टायमिंग कव्हर हेडला मिळतं त्या सांध्यावर. सुमारे ३ मिलिमीटरची रेघ पुरते. जास्त लावलेला सीलंट आत गळून पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. लावल्यावर साल धरायच्या आत, म्हणजे ट्यूबवर दिलेल्या मिनिटांत, कव्हर बसलं पाहिजे.

प्लगच्या नळ्यांची सीलं आधी बसवा. कव्हर सरळ वरून खाली ठेवा, सरकवत नेऊ नका. मागच्या कडेला गॅस्केट खोबणीतून लोंबत नाही ना, हे आरशात बघा. त्या कडेला हात पोचत नाही, म्हणूनच बऱ्याच गाड्या तिथे गळतात.

सगळे बोल्ट बोटांनी टेकवा. मग मधून सुरुवात करून आलटून पालटून बाहेरच्या टोकांकडे जा, दोन किंवा तीन फेऱ्यांत. आकडा मॅन्युअलचाच. एम६ बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर असतो, पत्र्याच्या कव्हरखाली कॉर्क असेल तर त्याहूनही कमी. हा जोर हाताला फारच थोडा वाटतो. आखूड पाना, आणि खांदा नाही, नुसतं मनगट. कॉर्क कडेला जरासा फुगलेला दिसला की थांबायचं. तो बाहेर पिळून निघाला तर गॅस्केट वाया गेलं. काही बोल्टांना खांदा असतो. तो धातूवर टेकला की काम संपलं, तिथे सगळी पकड बोल्टखालच्या रबरी वॉशरची असते. ते वॉशर जुनेच ठेवले तर नवं गॅस्केट घालून उपयोग नाही.

कॉर्क दबतो, म्हणून इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर त्याचे बोल्ट त्याच आकड्याला एकदा तपासा. रबराचे पुन्हा आवळू नका.

## टप्पा ७ : बाकीची गॅस्केटं

वरचं कोरडं झाल्याशिवाय खालच्याला हात लावू नका. चेंबर गळत असेल तर आधी त्याचे बोल्ट फक्त तपासा, बरेचदा दोन-चार ढिले निघतात. काढायचंच असेल तर ऑइल गाळून, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून काढा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. पत्र्याची कड वरच्याच पद्धतीनं सरळ करायची.

डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याची ओ-रिंग आणि ब्लॉकवरच्या पेट्रोल पंपाचं गॅस्केट ही दोन्ही छोटी कामं लक्षातून सुटतात आणि त्यांचं ऑइल चेंबरवर येऊन लोंबतं. डिस्ट्रिब्यूटर उपसण्याआधी रोटरची दिशा आणि त्याच्या बैठकीची जागा, दोन्हींवर खूण करा. क्रँकची सीलं सगळ्यात शेवटी.

## टप्पा ८ : चालू करा आणि लक्ष ठेवा

सीलंट लावला असेल तर ट्यूबवर दिलेला वेळ पूर्ण होऊ द्या, बऱ्याच सीलंटना २४ तास लागतात. ऑइलची पातळी बघा आणि इंजिन चालू करा. एक्झॉस्टवर सांडलेलं ऑइल काही मिनिटं धुमसेल. धूर कमी होत गेला पाहिजे, वाढता कामा नये. दहा मिनिटं आयडलिंगवर ठेवून बॅटरीनं चारही कडा बघा. आयडलिंग चढलेलं किंवा वरखाली होत असेल तर ब्रीदरचा एखादा पाइप नीट बसलेला नाही, गॅस्केटकडे जाऊ नका. शेवटी कागदाची चाचणी पुन्हा एकदा.

५० किलोमीटरनंतर आणि ५०० किलोमीटरनंतर कोरडं बोट कव्हरच्या कडेवरून फिरवा, मागच्या कडेवरून विशेषतः. त्यानंतर दर ऑइल बदलाला व्हॉल्व्हची ओढ बघायची, झाकणाची जाळी धुवायची, आणि ब्रीदरचे पाइप वळणाशी चिमटीत दाबून बघायचे. कडक लागला, चिरा दिसल्या किंवा चिकट मऊ झाला, तर तो पाइप त्याच दिवशी बदला. तारीख आणि किलोमीटर गाडीच्या वहीत लिहा.